परिशिष्ट एकेचाळीस

वकीलबाई म्हणाल्या, ‘मी’ खोडा.
सगळीकडे ‘डॉ. एसिनाम डोग्बे’ लिहा.
मग बसले एका परक्या बाईची तारीफ लिहीत:
ही गेली तर अमेरिकेचं नुकसान,
हिच्यावाचून राष्ट्रहित अडेल.
अक्रामधल्या आईला हे वाचून दाखवलं असतं
तर हसून हसून खोकला लागला असता तिला.

मी टाकून दिलेल्या गॅसविहिरी शोधते, वेस्ट व्हर्जिनियात.
मालक मेले, कंपन्या बुडाल्या, नकाशे उंदरांनी खाल्ले;
ब्लॅकबेरीच्या जाळीत गंजका पाइप
अजून फुसफुसतोय.

सात प्राध्यापकांनी पत्रं दिली.
चौघांना मी पाहिलेलंही नाही.

आठवं आलं पिवळ्या रेघी कागदावर, शिसपेन्सिलीनं.
ऑर्व्हिल स्टेम्पल, वय एक्याऐंशी:
‘पोरगी बूट दारात काढून आत आली.
म्हणाली, फरशीखाली विहीर आहे, शेगडी पेटवू नका.
बायको वीस वर्षं डोकं धरून बसायची.
आम्ही म्हणायचो, स्वभाव.
विहीर बुजली तेव्हा ती नव्हती.
आणखी काय लिहू?’

‘हे तज्ज्ञाचं मत नव्हे,’ वकीलबाई म्हणाल्या.
बराच वेळ कागद हातातच होता त्यांच्या.
मग नंबर दिला: परिशिष्ट एकेचाळीस.

चारशे बारा पानं गेली. अकरा महिने झाले.
पावतीवरचा आकडा मी पाढ्यासारखा म्हणू शकते.

काल ऑर्व्हिलचा फोन. ‘तुझं काही आलं का गं?’
नाही म्हटलं.
‘बरं. गोठ्यामागं गवत गोल वाळलंय. येशील?’

डिटेक्टर चार्जिंगला लावला.
बुटांवर मागच्या खेपेचा चिखल अजून तसाच.