खूणगाठ

किन्हेकर सरांच्या टेबलाच्या तिसऱ्या खणात
चाळीसेक काचेच्या नळ्या, तोंडाला कापूस,
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
आवळी. सेमिनरी हिल्स. मार्गशीर्ष. ओळख बाकी.
आणि खाली पेन्सिलीनं काढलेलं एक बारीक पूज्य.
लॅटिन नावांच्या खात्यात हा माणूस
आयुष्यभर मराठी महिने लिहीत राहिला.
पूज्य म्हणजे काही निघालं नाही,
असं मी धरून चालले.

कोषाला काय विचारायचं ते त्यांनीच शिकवलेलं.
पाय सुटे आहेत का?
सुटे, पोटाशी नुसते दुमडलेले असले
तर भुंगा असेल, गांधीलमाशीही असेल, बाजूला ठेव.
पाय, मिशा, पंख, सगळं एकाच लाखेत बुडवून
अंगाला चिकटवल्यासारखं दिसलं, तर पतंग.
मग पाठीचे काटे मोज, कोणत्या वळ्यावर किती ओळी.
मग शेपटीचे आकडे.
नाव सगळ्यात शेवटी, घाई करू नको.

घाई मला होती. माझी नेमणूक तासांवर,
जूनमध्ये पत्र येतं किंवा येत नाही.

कार्तिकात याच झाडाखाली चटया पडल्या होत्या,
वांग्याची भाजी, पुऱ्या, डब्यांची झाकणं,
बायका, पोरं, एक रुसलेले काका.
वर कोणी पाहिलं नाही.
वर फांद्यांना गुडघे फुटले होते.

‘काऊन तोडून राहिल्या मॅडम, रोगट फांद्या?
आवळे न्या ना.’
मडावींनी तरीही शिडी धरली.

दाढीच्या पात्यानं गाठी उभ्या चिरल्या.
पहिल्या तीन रिकाम्या, नुसता भुसा.
चौथीत बुरशी.
पाचवीत पातं खोल गेलं, पातं ओलं झालं.
वहीत लिहिलं: नमुना पाच, खराब.
कोणी केला, याला रकाना नव्हता.

सहावीत तो होता.
चिंचोक्याच्या रंगाचा, गव्हाएवढा,
माझा श्वास लागला तसा कमरेतून वळला,
झोपेत कुशीवर होतात तसा.
पाय चिकटलेले. मिशा चिकटलेल्या.
पतंग, म्हटलं, आणि भिंग सरकवलं
तर गाठीच्या भिंतीला एका जागी
सालीचा नुसता पापुद्रा उरलेला,
टिकलीएवढा, गोल,
दिव्यासमोर धरला की मधासारखा.

अळीनं कोरलेलं दार.
तिला जबडा होता तोवर तिनं ते कोरलं,
पापुद्रा राखला, मग जबडा टाकून झोपली.
ज्याला त्यातून जायचं
त्याला काहीच कुरतडता येणार नव्हतं.

मी उठून तिसरा खण उघडला.
एक चिठ्ठी, दुसरी, अकरावी.
पूज्य, पूज्य, पूज्य.
प्रत्येक वेळी थोडं वेगळ्या जागी काढलेलं,
ज्या गाठीचं जिथं होतं तिथं.
सर, तुम्ही एकदा तरी तोंडानं सांगायचं होतं.

चिरलेल्या दोन फाका पुन्हा जुळवल्या,
चिठ्ठीच्या दोऱ्यानं गुंडाळल्या,
गाठ मारली, आजीच्या पदराला असायची तशी,
सुटायला सोपी.

फाल्गुनात गल्लीभर कूलर खाली उतरले होते,
जुनं गवत काढून लोक टाक्या घासत होते.
मी तीन दिवस परीक्षेच्या सुपरव्हिजनला.
परत आले तर कापूस सैल
आणि दारात, कमरेपर्यंत बाहेर आलेलं,
रिकामं टरफल.
पाठीवर काट्यांच्या दोन ओळी, एक अर्धवट.
खोलीभर शोधलं. ट्यूबलाइटमागे, पडद्यात,
सरांच्या कोटाच्या हुकावर.

‘निघाला का?’ मडावींनी दारातून विचारलं.
निघाला.
‘कोण होता मंग?’

मी टरफल त्यांच्या तळव्यावर ठेवलं.
फुंकरीनंही उडालं असतं,
म्हणून आम्ही दोघं थोडा वेळ
श्वास धरून उभे राहिलो.