ओळ तीनशे चाळीस

मासिक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी यायचं,
कधी शुक्रवारी.
मिसेस टास्करच्या दुकानात, विणकामाच्या अंकांखाली
एकच प्रत,
कोपऱ्यात पेन्सिलीने 'ऑसगर्बी'.
मी तेरा वर्षांची. बाबा एक्केचाळीस,
आणि ग्रिम्सबीच्या धक्क्याला त्यांच्यासाठी बोट नाही.

मुखपृष्ठावर अवकाशयान, ज्वाळा.
आत राखाडी कागदावर आकडेच आकडे,
साखर हरवलेल्या मुंग्यांसारखे.
खेळ विकत मिळायचे, पण आमच्या घरी नाही.
आमच्या घरी खेळ टाइप करायचा.

बाबा ट्रॉलरवर रेडिओवाले, अठरा वर्षं.
आइसलँडने समुद्राला कुंपण घातलं,
बोटी भंगारात गेल्या,
आवाज तेवढा घरी आला.
त्याच आवाजात ते वाचायचे:
"बासष्ट. स्वल्प. शून्य. स्वल्प. दोनशे एक."
शून्याला कधी 'ओ' म्हणायचे नाहीत.
"ओ म्हटलं की माणूस बुडतो."
मी सपाट कळा दाबायची,
ते प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करायचे.

मेमरीचा डबा मागे खुळखुळायचा.
नऊ नंबरची बस गेली की सगळं पुसलं जायचं,
दोन तासांची मजुरी, आणि पडद्यावर धुकं.
बाबांनी तो जाळ्याच्या सुतळीने आवळला,
अशी गाठ, जी मला अजून सोडवता येत नाही.
साडेसातला आई टीव्ही मागायची.
दिवसभर गोठलेले मासे खोक्यांत भरून आलेली,
टीव्ही तिच्याच पगाराचा.
मग आम्ही कॅसेटवर ती किंकाळी भरून घ्यायचो
आणि देवावर हवाला.

आठ दिवस लागले. नवव्या दिवशी
'चूक, ओळ ३४०'.
बाबांनी पुन्हा वाचलं. पुन्हा. मग अंगणात जाऊन
सिगरेट न पेटवता उभे राहिले.
अठरा वर्षांत त्यांचा आकडा चुकला नव्हता.

मला ते भूगोलाच्या तासाला कळलं.
वाचणं नाही, छापणं चुकलं होतं.
आठ नव्हताच तो. तीन.
धावत घरी आले, कोट अंगातच.

खेळ, खरं सांगायचं तर, भिकार होता.
होडी म्हणजे तीन चौकोन,
जाळं सरळ खाली,
मासे डावीकडून उजवीकडे, शाळेला निघाल्यासारखे.
बाबा बघत राहिले.
"जाळं असं पडत नाही," म्हणाले. "ओहोटी कुठेय?"

ओळींचे आकडे दहा-दहाने असतात,
मधे काही सुचलं तर जागा असावी म्हणून.
तीनशे चाळीसनंतर आम्ही ओहोटी घातली.
मग वारा. मग ती वेळ,
जेव्हा मासे खोल जातात
आणि जी लंडनच्या संपादकाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मी पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी,
पान एकाहत्तर, प्रिंटरच्या रिबनच्या जाहिरातीखाली,
बारीक टायपात:
'ओळ ३४०. ८ ऐवजी ३ वाचावे.
श्री. डी. ऑसगर्बी, ग्रिम्सबी, यांचे आभार.'

दुरुस्तीतही चूक!
बाबा असे हसले की आईने टीव्हीचा आवाज वाढवला.
मग कानावरची पेन्सिल काढून
'श्री.' खोडलं, वर 'कु.' लिहिलं,
बाजूला खूण केली.

मासिक पुढच्या वर्षी बंद पडलं.
कॅसेटला ओल लागली. यंत्र कुणाला दिलं, आठवत नाही.
अंक आहे. समासात त्यांचं अक्षर,
'३४५: भरती विसरू नकोस'.

तीनशे एकोणपन्नासला जागा संपली होती.
"अजून एक राहिलंय," बाबा म्हणाले,
खुर्ची पुढे ओढली,
सांगायला तोंड उघडलं,
आणि साडेसात वाजले.