बरोब्बर मधोमध

एदुविना,
तुझा आवाज आज पहाटे पोचला.
पहिली सहा सेकंदं नुसता वारा,
मग फेरीबोटीचा भोंगा, मग तू, खोकत:
"बटाटे काढून झाले. यंदा जांभळे निघाले,
आतूनसुद्धा."

तुझ्या बेटावर पानगळ,
इथे आंबट आलुच्यांना नुकती फुलं.
तू लोकरीचे मोजे वर काढतेस
तेव्हा मी माझे पेटीत टाकते.
एकच जोडी पुरली असती दोघींना,
टपाल वेळेवर असतं तर.

कुताइसीत नवं काही नाही.
सकाळी रोपवेचं कुलूप काढते,
लाल डबा, चार माणसं, फार तर पाच,
नदी खाली, टेकडी वर, चार मिनिटं.
वर पोचलं की खाली,
खाली आलं की येरे माझ्या मागल्या.
काल म्हातारा बादरी कोंबडा घेऊन चढला.
कोंबड्याचं तिकीट किती, म्हणे.
मी म्हटलं, खिडकीशी बसला तर पूर्ण.

रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
दिवसाला चाळीस खेपा, एकोणीस वर्षं,
सुट्ट्या वजा, बिघाडाचे दिवस वजा.
पृथ्वीला जवळजवळ दोन वेढे झाले, एदुविना,
आणि मी बातुमीच्या पुढे गेलेले नाही.
बातुमीलासुद्धा एकदाच,
दाढ काढायला.

तू तरी काय वेगळं सांगणार.
अर्धा तास पाणी कापायचं, अर्धा तास परत,
दोर सोडायचा, दोर बांधायचा,
ट्रकवाल्यांच्या शिव्या, ओल्या मेंढ्यांचा वास.
सामुद्रधुनीवर पूल उभा राहतोय म्हणालीस,
दर महिन्याला खांब जरा जास्त उंच.
"पूल झाला की मला सुट्टी. मग निघू."
हसत म्हणालीस.
हसणं संपल्यावरही तू बटण सोडलं नव्हतंस.
मला बराच वेळ भांडी ऐकू येत होती.

आणि ते घर!
ओलेगारियोचं अख्खं घर
बैलांच्या आठ जोड्यांनी समुद्रापर्यंत ओढलं,
भरती आली तसं तरंगवत पलीकडे नेलं,
पडद्यांसकट, आणि चूल विझवायची राहिलेली,
धुराड्यातून धूर.
मी डब्यात चढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.
कुणाला पटेना.
फक्त बादरी गप्प झाला, उतरताना म्हणाला,
घराच्या पायाला भिंगरी
आणि माणसं बसलीत घरात.

म्हणून काल शाळेतून पृथ्वीगोल उसना आणला.
ज्यात अक्रोड ओवतो तोच जाड दोरा घेतला,
एक टोक तुझ्या गावावर, एक माझ्या,
ताणला, दुमडला, मध्यावर शाईचा ठिपका दिला.
पाण्यात पडला.
आफ्रिकेच्या पश्चिमेला, नेमका विषुववृत्तावर:
तू जितकी खाली
तितकीच निघाले मी वर.
ना बंदर, ना खडक, ना चहाची टपरी.
गोल परत देताना बाईंनी विचारलं,
समुद्रात हा डाग कसला?
मी म्हटलं, बेट आहे. लहान आहे.

तर यादीत हे वर लिही,
तुझ्या उंटाच्याही वर,
समरकंदच्या खरबुजांच्या,
लिस्बनच्या त्या चढावरच्या ट्रामच्याही वर
(ट्राम खरं तर मला नकोच,
पुन्हा वर आणि खाली).
तिथे जायचं. काय करायचं ते तिथे गेल्यावर बघू.
दोर बांधायचं तुला येतं,
अधांतरी लटकत राहायची सवय
मला आहेच.

ठेवते. खाली कुणीतरी घंटा बडवतंय.
मोजे धाडतेय, टाचेला रफू केलेत,
आत अक्रोड भरलेत.
अक्रोड जकातीत अडले तर अडले.
आणि पुढच्या वेळी
तो सुरुवातीचा वारा कापू नकोस.

त्सियाला