अकरा नंबरचा हिशेब

तेहतीस वर्षं मी टेबलावर बसलो
रेसकोर्स रोडच्या कोर्टाच्या कडेला.
पुढ्यात शीट, खाली कार्बन, दोन रंगांची पेनं.
बॉल जाळीतून गेला की आकड्यावर तिरकी रेघ,
फ्री थ्रोला भरीव ठिपका.
टाळ्या वाजवायची मुभा नव्हती,
आणि कुणाच्या बाजूचं असायचीही.

वत्सला निगुडकर, नंबर अकरा,
रामबागेतून सायकलवर यायची.
हँडलला लटकवलेले कॅनव्हासचे बूट,
अंगठ्यापाशी ट्यूबचं ठिगळ,
वडिलांनी पंक्चरवाल्याकडे बसून
स्वतः कातरलेलं.
पहिल्या मॅचला सहा.
दुसऱ्या मॅचला चोवीस,
आणि मी टीमचं नाव चुकीच्या रकान्यात लिहिलं,
नोकरीतली पहिली खाडाखोड.

मग बँकेनं तिला खेळाडू म्हणून घेतलं.
सकाळी काउंटर, दुपारी बॉल.
उजव्या हाताची दोन बोटं कायम एकमेकांना चिकटपट्टीनं बांधलेली,
तशाच हातानं नोटा मोजायची.
पेन्शनवाले म्हातारे म्हणत, बाई, पुन्हा मोजा.
ती पुन्हा मोजायची. बरोबरच निघायच्या.
कोट्टायम, कटक, लुधियाना,
शाळेच्या वर्गात बाकं सरकवून पसरलेल्या सतरंज्या,
फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडवलेलं वर्गमूळ.
ती झोपेपर्यंत त्याकडे बघत पडायची म्हणे.

एका डिसेंबरात, याच कोर्टावर,
दिव्याभोवती पाखरं आणि समोर रेल्वेची टीम,
तिनं एकटीनं सत्तेचाळीस केले.
माझं मनगट भरून आलं.
दुसऱ्या दिवशी पेपरात चौऱ्याहत्तर छापून आले.
कॉलनीत पेढे वाटून झाले होते.
ती सायकल काढून थेट कचेरीत.
संपादक म्हणाला, "अरे मॅडम, ज्यादा ही तो छापा है!"
ती म्हणाली, "सत्तावीस माझे नाहीत."
तिसऱ्या दिवशी, आतल्या पानावर,
निविदांच्या खाली, दोन ओळींची दुरुस्ती.
ते कात्रण मी जपलंय. पेढ्यांचं काय झालं, माहीत नाही.

आणि तेव्हा कोर्टावर ती मोठी कमान नव्हती.
कितीही लांबून मारा, दोनच.
ती मात्र पाण्याच्या टाकीपासून मारायची,
उडी न मारता, ओठ आत घेऊन,
आणि मी लिहायचो दोन.
दोन. दोन. दोन.
कमान आखली गेली तेव्हा
तिचा डावा गुडघा पाणी धरू लागला होता.
चुन्याची ती ओली रेघ तिनं बुटाच्या टोकानं पाहिली
आणि म्हणाली, बरीच जवळ आखली की.

रिटायर झाल्यावर मी ट्रंक उघडली.
वाळवी लागलेली वीस-बावीस पानं सोडून
सगळ्या तिरक्या रेघा उलगडत बसलो.
शीटवर अंतर लिहिलेलं नसतं.
मला आठवत होतं.
तीन महिने खपून आकडा काढला:
सहाशे बारा लांबचे.
म्हणजे सहाशे बारा पॉइंट देणं आहे
कुणाचं तरी. खेळाचं. माझं.

कागद घेऊन तिच्याकडे गेलो.
तिनं पोहे केले होते, वर जिरावण जास्त.
कागद वाचला, घडी घातली,
बशीखाली सरकवला.
"चुकलेले किती?"
मी म्हटलं, चुकलेले आपण लिहीत नाही.
"तेच तर. मला तेवढेच आठवतात.
कटकला शेवटच्या नऊ सेकंदांत,
डाव्या कोपऱ्यातून. कडीला लागून बाहेर.
तिचा आवाजसुद्धा."
मला तो आवाज आठवेना.
माझी मान तेव्हा कागदात होती.

आता सकाळी दोघं बाकावर बसतो,
ती काठी घेऊन, मी नुसताच.
नव्या पोरी येतात, रंगीत बुटांच्या,
"गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतात,
कोण मॅडम, ते न विचारता.
आज त्यातली एक, बारकीशी, वेणी आवळलेली,
टाकीपाशी जाऊन उभी राहिली.
वत्सला बोलता बोलता थांबली.
पोरीनं ओठ आत घेतले.
बॉल उंच गेला, कडीवर एकदा फिरला,
दुसऱ्यांदा फिरायला लागला,
आणि माझं बोट गुडघ्यावर
तिरकी रेघ ओढायला निघालं.

तिनं माझा हात धरला,
पट्टीशिवायच्या वाकड्या बोटांनी.
"थांबा. जरा बघा तरी."