शेऱ्याचा रकाना

सड्यावरच्या आळीतून खाली जेटीपर्यंत
जांभ्याच्या एकशे बेचाळीस पायऱ्या.
मी मोजल्यात. मोजणं हेच माझं काम:
नगरपरिषद, आरोग्य विभाग, कनिष्ठ लिपिक,
पंख्याचा वारा न पोचणारं टेबल.

प्रभाग दोन, सड्यावर: तीन खाजगी इस्पितळं,
सकाळी चालणाऱ्यांसाठी रबरी वाट.
प्रभाग सात, बंदरपाखाडी:
सुकटीची वाळवणं, बर्फाचा कारखाना,
आणि औषधाचं दुकान, पायऱ्या चढून पुढे रिक्षाने.

सात वर्षं मी एकाच फायलीत
दोन्हीकडचे मृत्यू टाचत आलो.
वरचे ऐंशीच्या आसपास जात,
खालचे साठीच्या अलीकडे.
शेऱ्याच्या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिही:
"रक्तदाब. तपासणीस आले नाहीत. उदासीनता."

हा शब्द मला साहेबांनी दिला होता,
त्यांना त्यांच्या साहेबांनी.
बरा शब्द. कुठेही बसतो.

मग एका दुपारी आशाताई जुलेखा होडेकर
वही घेऊन टेबलापुढे उभी राहिली.
खुर्ची दिली तरी बसली नाही.
"दवाखाना कधी उघडा असतो, भाऊ?"
"नऊ ते बारा."
"आणि लिलाव?"
मी गप्प.
"होड्या लागल्या की लिलाव, मग शेडमध्ये कोळंबी सोलायची.
टोपलीमागे पैसे. मध्येच उठेल कोण?
यमुना डोर्लेकर काय म्हणते सांगू?
'मी येतंय, पन तुमचा दवाखाना ऱ्हवतो काय माज्यासाटी?'"

वहीत नाव होतं, वय होतं, दाब होता,
आणि प्रत्येकीपुढे
तिचे हात केव्हा रिकामे होतात ती वेळ.

यमुनाबाई पौषात गेली.
चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चढवली तिला.
एकशे सहाव्या पायरीवर खुर्ची खाली ठेवली.
मी दाखला टाचला, पेन उचललं,
आणि रकाना पहिल्यांदाच कोरा सोडला.

त्या रात्री टिपणी लिहिली.
विषय: प्रभाग सात येथे दवाखाना सुरू करणे
व त्याची वेळ होड्यांप्रमाणे ठरविणेबाबत.
सोबत: वहीची झेरॉक्स, पाने अठरा.
भरती-ओहोटीचं कोष्टक, पान एक.

सभेत कुणी हसलं,
"तिथी बघून ओपीडी? दवाखाना आहे की उपास?"
प्रभाग दोनच्या सदस्यांनी विचारलं,
"म्हणजे रबरी वाटेचा दुसरा टप्पा कापणार?"
"हो," मुख्याधिकारी बाई म्हणाल्या,
कागदावरून नजर न उचलता.
ठराव क्रमांक चौदा, मंजूर.
एकमताने नव्हे. एका मताने.

आता जाळी विणायच्या शेडमध्ये
एक टेबल, एक सिस्टर, दाबाचं यंत्र,
महिन्याच्या गोळ्या एकदम.
दारावरच्या फळीवर जुलेखा खडूने लिहिते:
"आज साडेतीन ते सात. उद्या होड्या उशिरा, सव्वाचारला या."
बायका येतात, कोपरापर्यंत खवले.
सिस्टर आधी हात पुसायला फडकं देते,
मग पट्टा बांधते.

सांगण्यासारखं एवढंच.
वरच्या-खालच्या वयातली वीस वर्षं
एका ठरावाने पायऱ्या उतरत नाहीत.
पाणी अजून टँकरचं.
नळाची फाईल शेजारच्या टेबलावर आहे,
तिथे पंख्याचा वारा लागतो.

परवा तपासणीला खाली गेलो
तर सिस्टरने माझाही दाब घेतला.
"एकशे पन्नास," ती म्हणाली, "उतरून आलात म्हणून असेल."
जुलेखाने वहीत नाव घातलं माझं,
आणि पेन थांबवून विचारलं,
"तुमचे हात केव्हा रिकामे असतात, भाऊ?"