जकात न भरलेला शब्द

दादा छाणी जकातनाक्यावर कारकून होते.
काय आत आलं, काय बाहेर गेलं, सगळं वहीत.
मी डबा घेऊन जायचो. समोरून ट्रक यायचे,
कपाळावर ठसठशीत नाव: टाटा.
सात वर्षांचा मी विचारायचो,
हे येतानाच निरोप का घेतात?

घरात "जातो" म्हणायला बंदी.
"जातो काय? येतो म्हण."
पाठमोरे होतानाही आम्ही येतच असायचो,
आणि खालच्या कोकिळाबेन जिन्यातून ओरडायच्या, "आवजो!"
म्हणजे या.
म्हणजे जा.

मार्चमध्ये झटका आला. उजवा हात गेला,
मग शब्द गेले, नोंदीवर काट मारत जावं तसे.
एकच उरला.
चहा दिला: टाटा.
उशी उंच केली: टाटा.
बिनलबेन बोलण्याचा सराव घ्यायला आत येतात: टाटा.
त्या म्हणाल्या, अगदी लहानपणी शिकलेलं
कधीकधी तळाला चिकटून राहतं.

कुठला हा शब्द? रात्री शोधत बसलो.
विलायतेत पाळण्यातल्या पोरांशी बोलायची बोली, एवढंच कळलं.
तिथे टाटाला जायचं म्हणजे फिरायला जायचं,
आपलं भुर्र.
त्याच्या मागचं कोणालाच ठाऊक नाही.
कागद नाहीत, बिल्टी नाही.
कुठल्याशा आयाच्या कडेवर बसून
कॅम्पाच्या फाटकातून निघाला असेल,
एक पैसा न भरता गावात शिरला असेल,
आणि कोणीतरी दादांचं इवलं मनगट धरून हलवलं असेल,
टाटा कर, टाटा.

लेस्टरहून निरंजन सांगतो,
मामा, इथे नुसतं "टा" म्हटलं की आभार होतात.
बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हणतात.

तेव्हापासून मी हिशेब पुन्हा मांडतोय.
चहाचा तो निरोप नसेल.
उशीचाही.
मी पाठ चोळतो तेव्हाचा तर
एक टा जास्तीचाच.
हे माझ्या सोयीचं वाचन आहे, कळतं मला.
बिनलबेनना विचारलेलं नाही.

आज चपला घातल्या, म्हटलं, "येतो, दादा."
त्यांनी डावा हात उचलला.
बाळासारखा हलवला नाही,
कागद बघून झाल्यावर गाडी सोडायचे तसा,
पंजा आडवा, बोटं पुढे:
चल, जाऊ दे.
"टाटा."

मागे रांग नव्हती, कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.
मी उंबऱ्यावरच थांबलो
जरा वेळ.