अष्टमांश

फळ्याच्या मधोमध मी उभी रेघ मारते.
डावीकडे प्रबोधन. उजवीकडे स्वच्छंदतावाद.
दुसरा शब्द कधीच मावत नाही,
'वाद' दर वर्षी खालच्या ओळीत लोंबतो.

डावीकडे दिवा, भिंग, ज्ञानकोश,
पट्टीने आखलेल्या बागा, माणसाचे हक्क.
उजवीकडे वादळ, कडा, पडकं देऊळ,
आणि एकटाच फिरायला निघालेला कुणी,
ज्याला परतायची वेळ कुणाला सांगायची नसते.
मुलं वहीत तशीच रेघ मारतात.
परीक्षेत हे दहा गुणांना येतं.

तिसऱ्या बाकावरचा ओव्हाळ हात वर करतो.
"मॅडम, भीती कुठल्या रकान्यात?"
कसली भीती?
"मामाकडे जाताना वरंध्याच्या घाटात
एस्टी धुक्यात थांबते. खाली काहीच दिसत नाही.
आणि तरी खिडकी लावावीशी वाटत नाही.
तसली."

तास संपल्याची घंटा होते.
मी घंटेची आजन्म ऋणी आहे.

माझे वडील सिमला ऑफिसात ढग मोजायचे.
हसू नका, नोकरी होती, पेन्शनही मिळालं.
गच्चीवर उभं राहून आकाशाचे आठ भाग करायचे,
मनातल्या मनात, कलिंगडाचे करावेत तसे,
आणि किती भाग झाकलेत ते लिहायचे.
सकाळी साडेआठ. संध्याकाळी साडेपाच.
तीन अष्टमांश. पाच अष्टमांश. शून्य.
ढगांची नावं होती त्यांच्याकडे, उंची होती,
उपमा नव्हती एकही.
मी "कापूस" म्हणाले की म्हणायचे,
"कापूस तुला ठाऊक आहे. ढग नाही. नीट बघ."

कॉलेजात असताना मला याचा फार राग यायचा.
मी तेव्हा पूर्ण उजव्या रकान्यात राहत होते.
वेताळ टेकडीवर एकटी जाऊन रडून यायचे,
कारण नसताना, आणि बरं वाटायचं.
एकदा त्यांना सांगितलं.
म्हणाले, "किती वाजता? पश्चिमेला काय होतं?"

निवृत्तीनंतरही गॅलरीतून चालूच होतं त्यांचं.
वह्या मी या जानेवारीत उघडल्या,
ते गेल्यावर, खोली आवरताना.
आई गेली त्या तारखेचं पान शोधलं.

१९ डिसेंबर. ८.३०. आठ अष्टमांश.

मला तो दिवस चांगला आठवतो.
वैकुंठात ऊन इतकं लख्ख होतं
की गुरुजींनी डोक्यावर उपरणं ओढून घेतलं.
आकाशात कुठे पुसटशी रेघसुद्धा नव्हती.

आठाच्या आकड्यावर एक आडवी काट.
वर लाल शाईत: शून्य.
समासात सही, आणि बारीक अक्षरात
"निरीक्षकाची चूक. दुरुस्ती २२ डिसेंबर."

म्हणजे तीन दिवस
ते ढग त्यांनी राहू दिले होते.

खोडताना एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे,
असा खात्याचा नियम.
घरच्या वहीत कोण तपासणार होतं?
पण आठ अजून वाचता येतो.

उद्या सकाळी पुन्हा तोच वर्ग.
ओव्हाळ विसरला असेल, बहुतेक नसेल.
फळा मी पुसला नाही,
डाव्या रकान्यातला "दिवा" तेवढा
बाहीला लागून अर्धा आलाय घरी.

साडेपाच वाजले.
मी त्यांच्या जागी उभी राहते, कठड्याला टेकून.
चतुःशृंगीच्या वर पांढरं काहीतरी पसरलंय.
नाव मला येत नाही. कापूस म्हणत नाही.
दोन भाग असतील. फार तर अडीच.
वहीत अडीच लिहायची सोय नाही.
मी पेन उघडं धरून बघत राहते
आणि तेवढ्यात ते तीन होऊ लागतं.